पुन्हा रिश्ता आलाय, पण विश्वास बसत नाही



मागच्या अंकात खुला कसा मागायचा, कागद कोणते लागतात, यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत खुल्याचे प्रश्न थोडेच निघाले. बहुतेकींनी विचारलंय ते त्याच्या पुढचं. मार खाऊन, शिव्या ऐकून एकदाची सुटका झाली. आता घरचे म्हणतात पुन्हा निकाह कर. मनालाही वाटतं, पण हिंमत होत नाही. यातलं एक पत्र समोर ठेवून आज बोलू या. नाव-गाव छापू नका असं तिनं लिहिलंय, म्हणून ओळख पटेल असं काही इथं दिलेलं नाही.

तिचं वय ३१. सहा वर्षांची मुलगी आहे. खुला होऊन अडीच वर्षं झाली. माहेरी राहते, शिवणकाम करते. आता एक रिश्ता आलाय. माणूस चाळिशीच्या आतला, त्याचाही तलाक झालेला. दोनदा घरी येऊन गेला. ती विचारते, पहिला नवरा बघायला आला होता तेव्हा तोही सगळ्यांना चांगलाच वाटला होता, मग आता हा चांगला वाटतोय यावर मी विश्वास कसा ठेवू? आणि पुढे एक वाक्य आहे, ते मी दोन-तीनदा वाचलं. हा माणूस आवाज चढवत नाही, आणि मला त्याच्या शांत असण्याचीच भीती वाटते.

बेटी, या भीतीत वेडेपणा काही नाही. त्या घरात गाडी कशी थांबली, चपला कशा काढल्या, कडी कशी वाजली, यावरून आजची रात्र कशी जाणार ते तुला कळायचं. तिथं शांतता म्हणजे पुढच्या वादळाची तयारी असायची. हे ओळखायला तू शिकलीस म्हणून तू आणि तुझी लेक वाचलात. खुलानाम्यावर सही झाली म्हणून ते शिकलेलं त्याच दिवशी अंगातून जात नाही. हातातून ग्लास पडला तर अजूनही तू आधी माफी मागत असशील, घरात ओरडणारं कोणी नसलं तरी. दोन शांतता दिसायला सारख्याच असतात. फरक फक्त दिवस गेल्यावर कळतो. एक शांतता कधीतरी फुटते, दुसरी तशीच पुढे चालू राहते. म्हणून दोन भेटींत तुला काही ओळखता आलं नाही, यात तुझ्या अकलेचा दोष नाही. दोन भेटींत ते कोणालाच ओळखता येत नाही.

दुसऱ्या काही पत्रांत उलटी तक्रार आहे. नवा माणूस नीट वागतो, पण फिका वाटतो. दिवसातून तीस फोन करत नाही, कुठं आहेस, कोणाशी बोलतेस विचारत नाही, मग याला माझ्याबद्दल काही वाटतं की नाही? हेही पहिल्या घरातूनच आलेलं आहे. तिथं संशयाला प्रेम म्हणायचं शिकवलं गेलं. मारल्यानंतर पाय धरून रडणं, दुसऱ्या दिवशी बांगड्या आणि मिठाई, पुन्हा असं होणार नाही म्हणून कुरआनची शपथ, यालाही प्रेमच म्हटलं गेलं. टीव्हीवरच्या मालिकाही तेच शिकवतात, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. कुरआनमध्ये सूरह रूममध्ये नवरा-बायकोच्या नात्याबद्दल आयत आहे, तिच्यात सुकून आहे, मवद्दत आहे, रहमत आहे. धडधड तिथं कुठंच नाही. जिच्या आधीच्या घरात प्रेमाला धडधडीचा वास होता, तिला सुकून सुरुवातीला बेचव लागणारच.

आणि पुरुषाच्या अश्रूंबद्दल. हजरत बरीरा (रजि.) यांची हकीकत तुम्ही ऐकली असेल. त्या गुलामीतून मुक्त झाल्या तेव्हा नवऱ्याकडे राहायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क त्यांना मिळाला. त्यांनी वेगळं व्हायचं ठरवलं. त्यांचे पती मुगीस (रजि.) मदीन्याच्या गल्ल्यांतून त्यांच्या मागे रडत फिरायचे, अश्रू दाढीवर ओघळायचे. रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी बरीरा यांच्याकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. बरीरा यांनी विचारलं, हा हुकूम आहे का? नाही, फक्त शिफारस आहे असं कळल्यावर त्यांनी नकार दिला, आणि तो नकार तसाच मान्य झाला. तिथं मारहाणीचा काही उल्लेख नाही. मुगीस यांचं प्रेम खरंच होतं. तरीही त्या प्रेमानं बरीरा यांच्यावर कसलंही कर्ज चढलं नाही. मग मारून झाल्यावर रडणाऱ्याच्या अश्रूंचं कर्ज आपल्या लेकींवर कोण चढवतं?

आता रिश्त्याच्या चौकशीकडे येते, कारण मला आज मुख्यतः तेच सांगायचं आहे.

हजरत फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. त्यांच्या पतीनं परगावी असताना शेवटचा तलाक पाठवला. खर्चासाठी थोडे जव आले, तेही त्यांना अपुरे वाटले. त्या रसूलुल्लाह (सल्ल.) यांच्याकडे गेल्या. इद्दत कुठं काढायची ते आपण (सल्ल.) त्यांना सांगितलं. आधी उम्मे शरीक (रजि.) यांचं घर सुचवलं, पण तिथं लोकांची ये-जा फार, म्हणून मग हजरत इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांचं, जे अंध होते. आणि इद्दत संपली की मला कळव, असंही सांगितलं. इद्दत संपली. दोन पैगाम आले होते, एक मुआविया यांचा, एक अबू जहम यांचा. फातिमा यांनी सल्ला विचारला. उत्तर मिळालं ते असं की मुआविया यांच्याकडे पैसा नाही, आणि अबू जहम यांच्या खांद्यावरून काठी उतरत नाही. काठीचा अर्थ सतत प्रवास असाही काहींनी लावलाय, पण सहीह मुस्लिममधल्याच दुसऱ्या रिवायतीत सरळ म्हटलंय की ते बायकांना फार मारतात. मग आपण (सल्ल.) उसामा बिन जैद (रजि.) यांचं नाव सुचवलं. फातिमा कुरैशच्या, उसामा हे मुक्त केलेल्या गुलामाचे चिरंजीव. त्यांना आधी पटलं नाही. मग निकाह केला, आणि पुढे त्या स्वतः सांगायच्या की अल्लाहनं त्यात इतकी भलाई ठेवली की लोकांना माझा हेवा वाटे.

या हदीसवर जुम्याला बयान फारसं ऐकायला मिळत नाही. अबू जहम हे कोणी परके नव्हते, सहाबी होते. तरीही एका तलाकशुदा बाईनं विचारल्यावर त्यांच्या हाताची सवय झाकली गेली नाही. इमाम नववी (रह.) यांनी रियाजुस्सालिहीनमध्ये कोणत्या प्रसंगी मागे बोलणं गीबत ठरत नाही ते लिहिलंय, त्यात निकाहाच्या सल्ल्याचा प्रसंग आहे आणि दाखला याच हदीसचा आहे.

आपल्या मोहल्ल्यात काय होतं? मुलीकडचे चौकशीला येतात. शेजारीण दारात उभी राहून म्हणते, घराणं चांगलं आहे, मुलगा नमाजी आहे. भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं जे ऐकलं त्यातला एक शब्द ती काढत नाही. का, तर कोणाचं घर बसत असेल तर आपण का मोडा घालायचा, आणि गीबतीचा गुनाह कशाला घ्यायचा! गुनाह सांगण्यात नाही. लपवून जिला त्या घरात ढकललं तिचा हिशेब मोठा आहे. ही ओळ वाचणाऱ्या प्रत्येक खालाला, फुफीला माझी विनंती आहे. उद्या तुमच्या दाराशी कोणी चौकशीला आलं आणि तुम्हाला माहीत असेल, तर सांगा. जेवढं स्वतः पाहिलं-ऐकलं तेवढंच सांगा, पण सांगा.

तर बेटी, तुझ्या अब्बांना आणि भावाला चौकशीला पाठव, आणि कोणाला विचारायचं तेही सांगून पाठव. मशिदीतले साथी त्या माणसाचं एक अंग पाहतात. ते खोटं बोलत नाहीत, पण पहिल्या सफेत उभा राहणारा माणूस जेवणात मीठ कमी पडलं की काय करतो ते त्यांना कुठून कळणार? भावजयीला विचारा. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या पोराला विचारा. ज्या घरात तो भाड्यानं राहिला त्या घरमालकिणीला विचारा. शक्य झालं तर त्याच्या पहिल्या बायकोच्या माणसांपर्यंत पोचा. हे ऐकून घरात सगळे अवघडतात, बरं दिसत नाही म्हणतात. पण तलाक झालेल्या माणसाबद्दल सगळ्यात जास्त तिथंच कळणार आहे. ती मंडळी रागात असतील, बोलणं तिखट असेल, तेवढी वजावट करायची आणि ऐकायचं. त्यानं कधी हात उचलला का, खर्च दिला का, मुलं असतील तर तो त्यांना भेटतो का, मेहर दिला का, एवढं विचारलं तरी पुरे.

त्याच्या तोंडून पहिल्या बायकोबद्दल काय येतं तेही ऐक. आमचं जमलं नाही, माझंही चुकलं, असं म्हणणारा वेगळा. ती वेडी होती, तिच्या आईनं बिघडवलं, कोर्टात खोट्या केसी घातल्या, माझा काहीच दोष नव्हता, असं पहिल्याच भेटीत सांगणारा वेगळा. खोट्या केसी होतच नाहीत असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या आयुष्याच्या हकीकतीत सगळे गुन्हेगार आहेत आणि तो एकटा निर्दोष आहे, त्या हकीकतीत उद्या तुझीही जागा ठरलेली आहे.

चौकशी बाहेरची झाली. आतली तुझी तुलाच करायची आहे, आणि ती सोपी आहे. छोट्या गोष्टीला नाही म्हणून बघ. या रविवारी नको, पुढच्या रविवारी या. फोटो पाठवणार नाही. रात्री दहानंतर फोन घेत नाही, मुलगी झोपते. शिवणकाम निकाहानंतरही चालू ठेवणार. मग काय होतं ते बघ. बरं म्हणून तो पुढे बोलतो, की गप्प होऊन दोन दिवस तुला शिक्षा देतो? हसत हसत तोच विषय चार वेळा काढतो? तुझ्या भावाकडे तक्रार करतो? पहिल्या संसारात तुझ्या नाहीची किंमत तुला ठाऊक आहे. निकाहाआधी, मेहमान म्हणून आलेला असताना, ज्याला एवढंसं नाही सोसत नाही, त्याला घराचं दार लागल्यावर काय सोसणार?

घाई हीसुद्धा खूण आहे. पुढच्या महिन्यात सौदीला जायचंय, त्याआधी निकाह उरकू, कागद नंतर करू, कोणाला कळवायची गरज नाही. असं ऐकलं की थांबायचं. त्याचा तलाकनामा, खुलानामा किंवा कोर्टाचा हुकूम काय असेल तो डोळ्यांनी बघायचा. पहिली बायको घरात आहे आणि आपल्याला सांगितलेलं नाही, असे प्रकार दुसऱ्या निकाहात फार होतात. तुझेही कागद पक्के हवेत. तोंडी खुला झाला, जमातीत चार माणसं होती, एवढ्यावर राहू नकोस. उद्या पहिला नवरा उलटला की खुला झालाच नाही, तर बाईवर पहिला निकाह चालू असताना दुसरा केल्याचा आरोप येतो, आणि तो फौजदारी गुन्हा आहे. काझीची सही-शिक्का असलेला खुलानामा हवा. तो देत नसेल तर १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याखाली कोर्टाचा हुकूम घेता येतो. त्या कायद्यात क्रूरपणा हे कारण स्पष्ट लिहिलेलं आहे.

घरच्यांची घाई हा वेगळाच विषय. तुझ्या पत्रात आहे की अम्मी रोज रडतात आणि अब्बा म्हणतात आमच्या डोळ्यांदेखत तुझं घर बसू दे. त्यांची कळकळ खरी आहे, त्यांच्यावर रागावू नकोस. पण त्यांना हजरत खन्सा बिन्ते खिदाम (रजि.) यांची हदीस वाचून दाखव. त्यांचा आधी एक निकाह झालेला होता, आणि नंतर वडिलांनी त्यांच्या मनाविरुद्ध दुसरा लावून दिला. त्या रसूलुल्लाह (सल्ल.) यांच्याकडे गेल्या आणि तो निकाह रद्द झाला. बुखारीत आहे. आपल्याकडे घाटावर बहुतेक हनफी, कोकणात शाफई. वली किती आवश्यक यावर दोन्हींत फरक आहे, तो आपापल्या आलिमांना विचारावा. पण जिचा आधी निकाह झालाय तिच्या स्पष्ट होकाराशिवाय पुढे जायचं नाही, यात फरक नाही. इद्दतीबद्दलही एक गैरसमज आहे. इद्दत संपली म्हणजे बाई निकाहाला तयार झाली असं लोक धरून चालतात. इद्दतीनं निकाह जायज होतो. मन किती दिवसांत भरून येईल याची मुदत कोणी घातलेली नाही.

मुलीचं काय, हा प्रश्न तू शेवटी, अगदी घाबरत विचारलास. तो पहिल्या भेटीतच विचारायचा. हजरत उम्मे सलमा (रजि.) विधवा झाल्या, पदरी मुलं होती. रसूलुल्लाह (सल्ल.) यांचा पैगाम आला तेव्हाही त्यांनी आधी आपल्या अडचणी मांडल्या, की माझ्या पदरी लेकरं आहेत, माझ्या स्वभावात गैरत आहे. असा पैगाम असताना त्यांनी मोकळेपणानं बोलायचं टाळलं नाही, मग एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं का टाळावं? मुलगी तुझ्याबरोबर राहणार की नानीकडे, तिच्या शाळेची फी कोण भरणार, त्याच्या घरात आणखी कोणकोण राहतं, हे सगळं उघड ठरू दे. तो मुलीशी कसा बोलतो यापेक्षा मुलगी त्याच्याजवळ कशी वागते ते बघ. लहान लेकरं अंग चोरतात तेव्हा उगाच चोरत नाहीत. पण ती लगेच बिलगली नाही म्हणून काळजी करू नकोस, तिनंही त्या घरातलं पाहिलेलं आहे.

ताब्याची भीती अनेकींना घातली जाते. हनफी फिकहप्रमाणे आईनं मुलाला महरम नसलेल्या पुरुषाशी निकाह केला तर तिचा हिजानतचा हक्क कमजोर होतो, हे खरं. पण इथली न्यायालयं १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली मुलाचं हित पाहतात, आणि नुसत्या दुसऱ्या निकाहानं निकाल लागत नाही. पहिला नवरा धमकी देत असेल तर आधी वकिलाला भेट, मग तारीख ठरव.

पैशाची भीतीही अशीच. दुसरा निकाह केलास तर पहिल्याकडून एक पैसा मिळणार नाही, असं सांगून बायकांना अडवतात. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कोकणातल्या एका बहिणीच्या प्रकरणात निकाल दिला. १९८६ च्या कायद्यानं तलाक झालेल्या बाईला जी वाजवी रक्कम द्यायची, तो हक्क तलाकच्या दिवशीच पक्का होतो, नंतर तिनं निकाह केला म्हणून तो जात नाही, असं न्यायालय म्हणालं. खालच्या न्यायालयानं ठरवलेली रक्कम ९ लाख होती. महिन्याच्या पोटगीचे नियम वेगळे आहेत, आणि खुला घेताना तू काय सोडून दिलंस त्यावरही अवलंबून आहे; तेव्हा आपला कागद वकिलाला दाखवून घ्यावा.

निकाहनाम्यात अटी घालता येतात हे तुला कोणी सांगितलंय का? कामाला बंदी नाही, मुलगी सोबत राहील, मारहाण झाली किंवा दुसरी बायको आणली तर तलाकचा अधिकार बायकोकडे. याला तफवीज म्हणतात, आणि तो आपल्या देशातल्या न्यायालयांनी मानलेला आहे. बुखारीत हदीस आहे की ज्या अटींवर निकाह होतो त्या पाळल्या जाण्याचा हक्क सगळ्यात मोठा. अटी ऐकून तो माणूस काय म्हणतो हीसुद्धा चौकशीच समज. विश्वास नाही का माझ्यावर, असं विचारेल. विचारू दे. विश्वास बसायला वेळ लागतोय, आणि का लागतोय ते तुम्हाला माहीत आहे, असं सांग. भला माणूस यावर रागावणार नाही. चार दिवस हिरमुसेल फार तर.

तुझ्या प्रश्नाचं हो किंवा नाही असं उत्तर मी देणार नाही, मी त्या माणसाला पाहिलेलं नाही. सहा महिने मागून घे. घरच्यांसमोर भेटी होऊ देत, ईद जाऊ दे, रमजान जाऊ दे, त्याच्या घरात एखादं आजारपण, एखादी पैशाची अडचण जाऊ दे. माणूस तंगीत आणि उपाशीपोटी कसा वागतो ते बघायला मिळेल. इस्तिखारा कर, आणि त्याबरोबर घरमालकिणीला फोनही कर. सहा महिन्यांनी नाही वाटलं तर नाही म्हण. त्याच्यात खोट नसली तरी नाही म्हणता येतं, बरीरा यांनी म्हटलंच होतं. आणि हो वाटलं तर भीती पूर्ण जाण्याची वाट बघत बसू नकोस. ती निकाहानंतरही काही दिवस येत-जात राहील. कडी वाजली की अंग ताठ होईल. असं का होतं ते त्याला आधीच सांगून ठेव, म्हणजे तो दारातून आवाज देऊन आत येईल.

जिच्या घरात आजही मारहाण चालू आहे आणि जी हे चोरून वाचतेय, तिच्यासाठी १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे, जिवावर बेतलं तर ११२. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यात खर्च बंद करणं, सतत अपमान करणं हेही हिंसाचारच आहे, आणि त्या कायद्याखाली दाद मागायला तलाक झालेला असावा लागत नाही.

मेहरची रक्कम दुसऱ्या निकाहात कमी का धरतात, असं तीन बहिणींनी विचारलंय. त्यावर पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह.

वस्सलाम.